कोंबडा, बैल आणि माझगावची एलायझा

इंग्लंडात स्टोनी स्ट्रॅटफर्ड नावाचं एक गाव आहे. गावाच्या मुख्य रस्त्यावर, थोड्याच अंतराने, दोन जुनी हॉटेलं उभी आहेत. एकाचं नाव 'द कॉक', दुसऱ्याचं 'द बुल'. कुणी न पटणारी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली, विशेषतः उशीर का झाला, पैसे कुठे गेले, काम का राहिलं याची सबब म्हणून सांगितली, की इंग्रज माणूस तिला 'कॉक अँड बुल स्टोरी' म्हणतो. कोंबडा-बैलाची गोष्ट. हा वाक्प्रचार आमच्या गावात, या दोन हॉटेलांच्या मधल्या फरसबंदीवर जन्मला, असं स्टोनी स्ट्रॅटफर्डकर छातीठोकपणे सांगतात.

त्यांची हकिगत अशी. लंडनहून वायव्येला जाणारा वॉटलिंग स्ट्रीट हा रोमनांच्या काळचा रस्ता या गावातून जातो. लंडनपासून अंतर साधारण 52 मैल. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला घोड्यांच्या प्रवासी गाड्या आणि टपालगाड्या या रस्त्याने बर्मिंगहॅमकडे, चेस्टरकडे, आणि आयर्लंडची बोट गाठायला होलीहेडपर्यंत धावत. दर दहा-पंधरा मैलांवर घोडे बदलायचे, माणसांनी पाय मोकळे करायचे, काहीतरी गरम पोटात ढकलायचं. आपल्याकडे रातराणी ठरलेल्या धाब्यावर थांबते, अगदी तसंच. लंडनहून आलेली गाडी एका सराईत थांबायची आणि लंडनला निघालेली दुसऱ्या. मग इकडचे उतारू तिकडच्या उतारूंना राजधानीतली खबर सांगत, तिकडचे इकडच्यांना गावाकडची. खबर फरसबंदीवरून शेजारच्या सराईत गेली की थोडी फुगायची, परत आली की आणखी फुगायची. मध्ये बिअरचे पेले असायचेच. रात्रीतून दोन-चार खेपा झाल्या की सकाळी मूळ हकिगत तिच्या आईनेही ओळखली नसती. तेव्हापासून, म्हणे, अशा गोष्टीला लोक कॉक आणि बुलची गोष्ट म्हणू लागले.

छान आहे. यात रस्ता आहे, घोडे आहेत, बिअर आहे, गप्पिष्ट माणसं आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पत्ता आहे. जाऊन बघता येतं, आत बसून जेवता येतं. ऐकताना कुठे अडखळायला होत नाही. माझं कान टवकारणं इथेच सुरू होतं.

माझा भाचा मिल्टन कीन्सला असतो. हे शहर सरकारने 1967 साली नव्याने वसवायला घेतलं आणि स्टोनी स्ट्रॅटफर्ड त्याच्या पोटात गेलं. चौकटी-चौकटीत आखलेले रस्ते, जागोजाग गोल चक्कर, आणि 1978 मध्ये एका कलावतीने घडवलेल्या काँक्रीटच्या गाई. त्या गाईंवरून उरलेलं इंग्लंड या शहराची अजून टिंगल करतं. "मावशी, इथे बघायला काही नाही गं," असं म्हणत त्याने मला आधी ब्लेचली पार्क दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी हजारो माणसं तिथे राबत होती. 1974 साली त्या कामाचा बोभाटा होईपर्यंत त्यांतल्या बहुतेकांनी घरच्यांनाही अवाक्षर कळू दिलं नव्हतं. नवऱ्याला बायको तिथे काय करायची ते माहीत नाही, बायकोला नवरा. कुणीही थाप म्हणून उडवून लावली असती अशी ती हकिगत, आणि होती शंभर टक्के खरी.

मग मी त्याला म्हटलं, आता कोंबडा आणि बैल दाखव.

स्टोनी स्ट्रॅटफर्ड देखणं गाव आहे. लाल विटांची घरं, अरुंद खिडक्या, गाडी आत घेता येईल अशा वाटा. 1742 मध्ये मोठी आग लागून निम्मंअधिक गाव जळालं, त्यामुळे जुनं म्हणून जे दिसतं त्यातलं बरंच त्या आगीनंतरचं. पुढे 1838 साली लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे सुरू झाली. ती स्टोनी स्ट्रॅटफर्डला वळसा घालून शेजारच्या वूल्व्हर्टनवरून गेली. बघता बघता घोडागाड्या बंद झाल्या. ज्या गावाचा सगळा धंदा येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालायचा तिथे येणारं-जाणारं कुणी उरलं नाही. अशा गावाने एक गोष्ट उराशी धरून ठेवली तर त्याला नावं कशी ठेवायची?

पण त्याच रस्त्यावर एक घर आहे, त्यावर वेगळीच पाटी आहे. एप्रिल 1483 मध्ये बारा वर्षांचा राजा पाचवा एडवर्ड लंडनला राज्याभिषेकाला निघाला असताना या गावात मुक्कामाला होता. त्याचा काका, ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड, नॉर्दॅम्प्टनहून येऊन थडकला. त्याने पुतण्याच्या सोबतची विश्वासू माणसं पकडली आणि पोराला आपल्या ताब्यात घेतलं. पुढे एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ लंडनच्या टॉवरमध्ये गेले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. काका तिसरा रिचर्ड म्हणून गादीवर बसला. काका हा शब्द अशा ठिकाणी वाचला की मराठी माणसाच्या कानात जे घुमायचं ते घुमतंच. सांगायचं ते असं, की या गावाकडे इंग्लंडच्या इतिहासातली एक खरीखुरी, अंगावर काटा आणणारी घटना आहे. तिच्या वाट्याला भिंतीवर एक पाटी आली. गावाने मिरवायला मात्र कोंबडा आणि बैल निवडले. मीही तिथे बसून बटाट्याचे तळलेले काप खाल्ले ते 'बुल'मध्ये, राजाच्या घरासमोर उभं राहून नव्हे.

आता त्या हकिगतीतली मेख. ती तारखांत आहे.

रॉबर्ट बर्टन हा ऑक्सफर्डचा विद्वान पाद्री. विषण्णतेवर त्याने लिहिलेला 'द ॲनाटॉमी ऑफ मेलन्कली' हा भलाथोरला ग्रंथ 1621 मध्ये छापून आला. त्यात तो काही माणसांबद्दल कुरकुर करतो. यांचं सगळं सुख म्हणजे दिवसभर दारूच्या गुत्त्यात तंबाखू ओढायची, गायचं, खिदळायचं, आणि पेल्यावर पेले रिचवत कोंबड्या-बैलाच्या गोष्टी करायच्या. म्हणजे 1621 मध्ये हे शब्द इतके रुळलेले होते की बर्टनला ते उलगडून सांगावेसे वाटले नाहीत. लंडनहून लांबच्या गावांना ठरावीक वेळापत्रकाने घोडागाड्या सुटायला लागल्या त्या यानंतर काही दशकांनी. टपालगाडी तर 1784 ची, तीही आधी लंडन-बाथ-ब्रिस्टल रस्त्यावर. घोडे जोडायच्या आत गाडी पोचली, असा हा हिशोब.

स्टोनी स्ट्रॅटफर्डचा कैवारी म्हणेल, गाड्या नसतील पण वाटसरू होते, सराया होत्या. मान्य. पण मग जी हकिगत सांगितली जाते तिच्यातून गाड्या काढा, वेळापत्रक काढा, लंडनकडचे आणि लंडनहूनचे असे दोन घोळके काढा. उरतं काय? कोंबडा आणि बैल अशी नावं असलेल्या दोन सराया. त्या काळी इंग्लंडात अशा नावांच्या सराया पैशाला पासरी होत्या. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला पाटीवरचं चित्र कळायचं, म्हणून पाट्यांवर जनावरंच जनावरं.

दुसरेही दावेदार आहेत. पोपच्या फर्मानाला 'बुल' म्हणतात. सेंट पीटरच्या कथेत आरवणारा कोंबडा आहे. तेव्हा पोपविरोधी इंग्रजांनी रोमच्या थापांना हे नाव ठेवलं, असं एक मत. हे ऐकलं की मला हसू येतं. कुलूप आधी ठरवून मग किल्ली कानशीने घासत बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. इसापाच्या धाटणीच्या गोष्टींत पशुपक्षी बोलतात, त्या बोलक्या कोंबड्या-बैलांवरून हे आलं असेल, असं दुसरं मत. हे त्या मानाने सरळ आहे, त्यामुळेच फारसं कुणी सांगत नाही.

मला स्वतःला फ्रेंच बाजू जास्त पटते. फ्रेंचमध्ये एका विषयावरून भलत्याच विषयावर टुणकन उडी मारणाऱ्याला 'कोंबड्यावरून गाढवावर उडी मारली' असं आजही म्हणतात. क्लेमाँ मारो या कवीने 1530 च्या आसपास 'कोंबडा-ते-गाढव' या नावाने पद्यातली पत्रं लिहिली. एका ओळीचा दुसरीशी संबंध नाही, आणि त्या गोंधळाच्या आडून दरबाराला, पाद्र्यांना चिमटे. ती इतकी गाजली की त्या नावाचा एक काव्यप्रकारच पडला. तेच नाव स्कॉटलंडात 'कॉकलेन' होऊन पोचलं, अर्थ तोच, असंबद्ध बडबड किंवा टवाळी. तिथून खाली इंग्लंडात उतरताना गाढवाचा बैल झाला असेल का? छातीठोक पुरावा नाही. पण एक गोष्ट या बाजूने बोलते. सतराव्या शतकात इंग्रजीतली कोंबडा-बैलाची गोष्ट म्हणजे थाप नव्हेच. ती लांबण, ती पाल्हाळ, तिला ना शेंडा ना बुडखा. बर्टनची गुत्त्यातली मंडळी कुणाला फसवत नव्हती, नुसती वेळ घालवत होती. खोटेपणाचा वास या शब्दांना नंतर चिकटला. तसं होणारच म्हणा. ज्याला काही लपवायचं असतं तो नेहमी जरा जास्तच बोलतो.

पाल्हाळाच्या जुन्या अर्थाने हे शब्द ज्याने अजरामर केले तो लॉरेन्स स्टर्न. यॉर्कशायरमधला पाद्री, छातीच्या विकाराने कायमचा बेजार, आणि वात्रटपणात त्याचा हात धरणारा त्या शतकात दुसरा नव्हता. 1759 ते 1767 या काळात त्याने 'ट्रिस्ट्राम शँडी' ही कादंबरी नऊ भागांत काढली. नायक आपलं चरित्र सांगायला बसतो आणि तिसरा भाग येईपर्यंत जन्मतच नाही. मध्येच एक पान पूर्ण काळं, एक संगमरवरी नक्षीचं, एक कोरं, का तर नायिकेचं चित्र वाचकाने आपल्या मनाप्रमाणे काढावं. इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते डॉक्टर जॉन्सन 1776 मध्ये म्हणाले की विचित्र गोष्टी फार काळ चालत नाहीत, ट्रिस्ट्राम शँडी टिकला नाही. जॉन्सनसाहेबांचे अंदाज चुकलेले वाचायला मला फार आवडतं.

तर या नऊ भागांचा शेवट. शँडी घराण्याने गावासाठी एक वळू पाळलाय. घरचा गडी ओबडाया आपली गाय त्याच्याकडे नेतो, मग दिवस मोजत बसतो, आणि गाय काही वीत नाही. तो येऊन वळूची तक्रार करतो. मालक वळूची बाजू घेऊन तावातावाने बोलतात. काका, डॉक्टर, पाद्री, सगळे त्यात उतरतात. शेवटी आई विचारते, अहो, ही गोष्ट आहे तरी कशाची? आणि यॉरिक नावाचा पाद्री म्हणतो, एका कोंबड्याची आणि एका बैलाची, आणि या जातीतली इतकी झकास गोष्ट मी ऐकली नव्हती. संपली कादंबरी. भाकड गाईवर संपलेली ही जगातली सर्वांत लांब भाकडकथा, हे मराठी वाचकालाच कळणार. स्टर्नला कळलं असतं तर त्याने त्यावर आणखी एक भाग लिहिला असता.

हा शेवटचा भाग छापून आला 1767 च्या जानेवारीत. त्याच महिन्यात लंडनमध्ये स्टर्नची एका बाईशी ओळख झाली, आणि इथून पुढची हकिगत आपल्या अंगणात येते.

तिचं नाव एलायझा ड्रेपर. जन्म 1744 मध्ये केरळातल्या अंजेंगोचा, तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. चौदाव्या वर्षी मुंबईत तिचं लग्न झालं, कंपनीचा अधिकारी डॅनियल ड्रेपर याच्याशी. तो तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. मुलांना शिक्षणासाठी पोचवायला ती विलायतेला गेली होती. स्टर्न तेव्हा 53 वर्षांचा, ती 22 ची. दोघांची लग्नं झालेली, दोघांची मोडकळीला आलेली. स्टर्न पाघळला. तिची छोटी तसबीर गळ्यात बांधून लंडनभर मिरवायला लागला. ती हिंदुस्थानातली म्हणून तिला 'ब्रामिन' स्त्री म्हणायचा आणि स्वतःला 'ब्रामिन' पुरुष. यॉर्कशायरचा क्षयी पाद्री आणि ब्राह्मण! पुण्यात हे कुणाच्या कानावर गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी मधूनमधून करते. एप्रिल 1767 मध्ये ती नवऱ्याकडे मुंबईला परत निघाली. स्टर्नने तिच्यासाठी रोजनिशी लिहायला घेतली. पुढच्या वर्षी 18 मार्चला तो वारला. दोघांची पुन्हा भेट झाली नाही.

त्यांची पहिली भेट कुठे झाली ते ऐका. लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवर, जिथे आज चिनी खानावळींची रांग आहे, तिथे कमोडोर विल्यम जेम्स आणि त्याच्या बायकोच्या घरी. हा जेम्स म्हणजे एप्रिल 1755 मध्ये तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेणारा जेम्स. हर्णैच्या बंदरात उभं राहिलं की समोर पाण्यात जो किल्ला दिसतो, तोच. मासळीचा लिलाव चाललेला असतो, बायका सुरमईची बोली लावत असतात, आणि मागे ती तटबंदी. त्या किल्ल्याच्या मोहिमेने ज्याचं नशीब उजळलं, त्याच्या दिवाणखान्यात मुंबईची एक त्रासलेली बायको आणि कोंबड्या-बैलाचा लेखक समोरासमोर आले. ही हकिगत कुणी मला 'बुल'मध्ये बसून सांगितली असती तर मी मान डोलावून बिल मागवलं असतं.

जेम्स 1783 मध्ये वारल्यावर पुढच्याच वर्षी त्याच्या बायकोने त्याच्या आठवणीत लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिलवर तीन बाजूंचा एक मनोरा बांधला. तो अजून उभा आहे. नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सुवर्णदुर्गाचं इंग्रजी जिभेवर हे झालं. मनोऱ्यावरच्या शिलालेखात लिहिलंय की मलबारच्या किनाऱ्याजवळचा सेव्हर्नड्रूगचा किल्ला या शूर अधिकाऱ्याच्या श्रेष्ठ पराक्रमापुढे आणि कुशल नेतृत्वापुढे 2 एप्रिल 1755 रोजी पडला. हर्णै मलबारात! त्या काळचे इंग्रज सगळ्याच पश्चिम किनाऱ्याला मलबार म्हणत, ते सोडून देऊ. पण ही मोहीम कंपनीने पेशव्यांशी करार करून काढली होती. तुळाजीशी बिनसलं होतं ते नानासाहेबांचं. मराठी आरमार बरोबर होतं, आणि ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांच्या हवाली झाला. इंग्रज इतिहासकार लिहितात की मराठी गलबतं मागे मागेच राहिली. राहिलीही असतील. पण शिलालेखात ती नाहीतच. त्यात एकही वाक्य खोटं म्हणून पकडता येत नाही, आणि तरी वाचणाऱ्याला वाटतं की एक माणूस एक जहाज घेऊन गेला आणि मलबारात एक किल्ला जिंकून आला. थापा मारायला शिकायचं असेल त्याने गुत्त्यात जाऊ नये, शिलालेख वाचावेत.

शूटर्स हिलवरून जो जुना रस्ता लंडनकडे येतो तोही वॉटलिंग स्ट्रीटच. डोव्हरकडून लंडनला आणि लंडनहून स्टोनी स्ट्रॅटफर्डला. एकाच रस्त्याच्या एका टोकाला कोंबडा आणि बैल, दुसऱ्या बाजूला सुवर्णदुर्ग. ही गोष्ट मात्र त्या रस्त्यावरच्या कुठल्याच हॉटेलात कुणी सांगत नाही. खोट्याला हक्काची जागा मिळालीय, खरं बिचारं चार पुस्तकांत तुकडे होऊन पडलंय.

एलायझाचं पुढे काय झालं, तर ती मुंबईत नवऱ्याच्या घरी राहिली. घर माझगावला, समुद्राच्या अंगाला, नाव 'बेल्व्हिडिअर'. नवऱ्याशी पटेना. जानेवारी 1773 मध्ये एका रात्री ती सर जॉन क्लार्क नावाच्या नौदल अधिकाऱ्याबरोबर निघून गेली. जाताना नवऱ्याला पत्र लिहून ठेवलं. एवढं कागदोपत्री आहे. त्यावर मुंबईने आपलं चढवलं. ती खिडकीतून दोर टाकून उतरली, खाली होडी तयार होती, चांदणं होतं. मग त्या घरात तिचं भूत दिसायला लागलं, जुन्या पद्धतीचा घेरदार झगा घातलेलं. ती मेली 1778 मध्ये ब्रिस्टलला, तिथल्या कॅथीड्रलमध्ये तिचं स्मारक आहे. भूत मात्र माझगावला. एवढ्या लांबून रोज कसं येत असेल, हा प्रश्न जुन्या मुंबईच्या साहेबांना पडला नाही. आता ते घर नाही, त्यामुळे भुताचीही गैरसोय झाली असणार.

मला त्या पत्राचं जास्त वाटतं. भूत आणि दोर सगळ्यांच्या लक्षात राहिले. नवऱ्याच्या अंमलाखाली, परक्या बंदरात, आपलं नाव कायमचं खराब होणार हे माहीत असताना एका बाईने टेबलाशी बसून कारणं लिहिली, ती कुणी आठवत नाही. नंतर ती मछलीपट्टणच्या बाजूला मामाकडे गेली आणि मग विलायतेला.

तिच्याबद्दल थापा मारणारे कमी नव्हते. 1773 मध्ये स्टर्नची तिला लिहिलेली खरी पत्रं छापून आली, ती हातोहात खपली. मग 1775 मध्ये तिने स्टर्नला लिहिलेली पत्रं म्हणून एक पुस्तक निघालं, ते साफ बनावट. लिहिणारा विल्यम कूम नावाचा एक हुन्नरी लेखक असावा असं मानतात. म्हणजे ती जिवंत होती, चालत-बोलत होती, आणि बाजारात तिच्या नावाने दुसराच कुणी प्रेमपत्रं विकत होता. फ्रान्समध्ये आबे रेनाल या बड्या लेखकाने हिंदुस्थानातल्या व्यापाराच्या इतिहासात मध्येच थांबून अंजेंगोला साद घातली की अंजेंगोच्या भूमी, तू काहीच नाहीस, पण तू एलायझाला जन्म दिलास. मिरीच्या आणि नारळाच्या हिशोबात हा हुंदका. कोंबड्यावरून गाढवावर अशी उडी मारोलाही जमली नसती.

स्टर्नचं मढंही सुखाने राहिलं नाही. लंडनमध्ये बेझवॉटर रोडजवळच्या दफनभूमीत त्याला पुरलं. तेव्हा वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना कापायला प्रेतं लागत आणि ती पुरवणारे चोर रात्री ताज्या कबरी उकरत. काही दिवसांनी केंब्रिजमध्ये शरीररचनेच्या वर्गात टेबलावर जे प्रेत आलं ते पाहून हजर असलेल्या एकाला भोवळ आली, कारण तो चेहरा स्टर्नचा होता, अशी वदंता पसरली. मग गुपचूप ते परत आणून पुरलं म्हणे. ही चक्क कोंबडा-बैलाची गोष्ट, असं लोकांनी दोनशे वर्षं म्हटलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ती दफनभूमी इमारतीसाठी खणायचं ठरलं, तेव्हा स्टर्नच्या नावाने चालणाऱ्या न्यासाची माणसं हाडं शोधायला गेली. त्यांना एक कवटी सापडली. माथा करवतीने कापलेला, वर्गात कापतात तसा. नॉलेकेन्सने स्टर्न जिवंत असताना घडवलेल्या संगमरवरी अर्धपुतळ्याशी तिची मापं ताडून पाहिली. जुळली. शपथेवर सांगावं इतकं ते पक्कं नाही, पण ज्या गोष्टीला सगळे हसत होते तिच्या बाजूने निदान एक हाड तरी उभं राहिलं. कोंबड्या-बैलाच्या सरायांना एवढंही मिळालेलं नाही.

1969 मध्ये ती कवटी यॉर्कशायरला नेऊन कॉक्सवोल्ड या स्टर्नच्या गावच्या चर्चच्या आवारात पुरली. लंडनच्या मूळ कबरीवर दोन अनोळखी भक्तांनी हौसेने बसवलेला दगडही तिकडे नेला. त्या दगडावर कोरलंय की स्टर्न 13 सप्टेंबर 1768 रोजी वयाच्या 53 व्या वर्षी वारला. तारीख चूक, महिना चूक, वयही चूक. तो दगड खाडाखोड न करता तसाच ठेवलाय.